चिनी व्यापाऱ्याशी नातं जोडताना : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी चीनमधल्या वेनझो शहरातल्या माझ्या दिवसांबद्दल लिहिलं होतं. मी मूळची सांगलीची. पुण्यातल्या एका बॅगा बनवणाऱ्या कारखान्यासाठी झिपा, रनर (झिपेवर सरकणारा तुकडा), बकला आणि बटणं खरेदी करायला २००४ साली पहिल्यांदा तिथं गेले आणि २०१९ पर्यंत वर्षातले चार-पाच महिने तिकडेच काढले. लेख वाचून आलेल्या पत्रांत एक गोष्ट सारखी दिसते. २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि पत्र लिहिणाऱ्यांतले बरेचजण आता पहिल्यांदाच तिकडे निघाले आहेत. मालाचा भाव, जहाजाचं भाडं याबद्दल त्यांना माहिती आहे. माणसाशी कसं वागायचं, हे ते विचारतात. तेच महत्त्वाचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

इचलकरंजीहून एक वडील विचारतात : माझा मुलगा शाओशिंगजवळच्या केछ्याओच्या कापड बाजारात एका व्यापाऱ्याकडे कामाला लागला आहे. फोनवर तो सारखं ‘गुआनशी, गुआनशी’ म्हणतो. हा आपल्याकडचा वशिलाच ना? मुलगा वाईट मार्गाला लागेल अशी भीती वाटते.

तुमची भीती मी समजू शकते. गुआनशीचा वशिल्यासाठी वापर होतो, हे खरंच आहे. पण गुआनशी म्हणजे मुळात माणसामाणसांतलं नातं, संबंध. त्या शब्दाचा अर्थ वशिला एवढाच धरला तर मुलाचं बोलणं तुम्हाला कळणार नाही.

तुमच्या घरी लग्नातल्या आहेराची वही असेल. आमच्या घरी होती. कुणाकडे लग्न निघालं की आई ती वही काढायची, त्यांनी आपल्याकडे काय दिलं होतं ते बघायची आणि त्यात थोडी भर घालून आहेर न्यायची. तेवढंच परत करायचं नाही, कमी तर मुळीच नाही. वेनझोजवळच्या एका घरात मी अशीच वही पाहिली, लाल कागदाची, ब्रशनं लिहिलेली. नावं आणि त्यापुढं आकडे. मला कुणी काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. या देण्याघेण्यातून जे ऋण तयार होतं त्याला ते ‘रेनछिंग’ म्हणतात. कुणी तुमच्यासाठी अडल्या वेळी धावून आलं, तर त्याचं रेनछिंग तुमच्यावर चढलं. ते कधी फेडायचं याची तारीख नसते, पण फेडायचं असतं. वशिला एकदा लावला, काम झालं, की संपतो. हे खातं मात्र चालू राहतं, कधीकधी पुढच्या पिढीतही.

फेइ श्याओथोंग या चिनी समाजशास्त्रज्ञानं १९४०च्या दशकात यासाठी एक चित्र दिलं आहे. पाण्यात खडा टाकला की तरंग उठतात. मध्यभागी आपण, जवळच्या तरंगात घरचे, मग भाऊबंद, मग गाव. जितकं लांब जावं तितका तरंग विरळ. व्यापारातही तसंच चालतं. एका वर्गात शिकलेले, एका गावचे, सैन्यात एकत्र असलेले, यांच्यात पाया आधीच घातलेला असतो. एका गावच्या माणसाला ते ‘लाओश्यांग’ म्हणतात. परमुलखात आपला गाववाला भेटला की आपल्याला होतं तेच त्यांना होतं. तुमच्या मुलाकडे यातलं काहीच नाही. त्याला बाहेरच्या तरंगातून आत यायचं आहे, म्हणून तो एवढं बोलतो.

वेनझोच्या लोकांना अशा नात्यांवर भिस्त का ठेवावी लागली, तेही सांगते. १९८०च्या दशकात तिथल्या घराघरांत लहान कारखाने सुरू झाले. सरकारी बँका खासगी माणसाला सहजी कर्ज देत नसत. मग दहा-वीसजण मिळून दर महिन्याला पैसे काढत आणि आळीपाळीनं एकेकाला सगळी रक्कम देत. त्याला ते ‘हुइ’ म्हणतात. आपली भिशीच! या भिशीला कागद नाही, तारण नाही. तारण म्हणजे तुमचं नाव. पैसे उचलून पळालात तर भावकीत, बाजारात, गावात तुम्हाला कुणी उभं करणार नाही. त्या भरवशावर वेनझोचे मोठमोठे धंदे उभे राहिले. हाच भरवसा पुढं नको तितका ताणला गेला. २०११ मध्ये खासगी उसनवारीचा डोलारा कोसळला आणि कित्येक मालक कर्ज बुडवून परागंदा झाले. मी तेव्हा तिथं होते. ज्या गल्लीत रात्री दहापर्यंत यंत्रं चालायची तिथं कुलपं बघितली. म्हणून मी गुआनशीचं आंधळं कौतुकही करत नाही.

मुलाला एवढंच विचारत राहा की, त्यानं कुणाकुणाचं रेनछिंग घेतलं आहे आणि ते त्याला फेडता येण्यासारखं आहे का. मालकानं गावाहून आणलेला चहा दिला, आजारपणात दवाखान्यात नेलं, हे फेडता येतं. मालकानं तुमच्या घरासाठी पैसे दिले तर सावध व्हायला हवं.

भोसरीहून एक कारखानदार विचारतात : निंगबोच्या एका पुरवठादाराकडून व्हॉल्व्हच्या १,२०० बॉडी मागवल्या. त्यातल्या ९० मध्ये ब्लोहोल (ओतकामात हवा अडकून पडलेली भोकं) निघाले. मी मालकाला कडक शब्दांत मेल लिहिला, त्याच्या सगळ्या माणसांना त्याची प्रत पाठवली आणि वीचॅट या चिनी निरोप-अ‍ॅपवरच्या आमच्या चौदा जणांच्या गटात फोटोही टाकले. सहा आठवडे झाले, कुणी फोन उचलत नाही. माझी बाजू खरी असताना मी काय चुकलो?

तुमची बाजू खरी आहे, आणि तुम्ही जे केलंत तेच मी २००९ मध्ये केलं होतं. म्हणून या पत्राचं उत्तर मला मनापासून द्यायचं आहे.

वेनझोजवळ छ्याओथोउ नावाचं गाव आहे. बटणं आणि झिपा हेच त्या गावाचं जगणं. तिथल्या एका घरगुती कारखान्यातून आम्ही ४०,००० झिपा घेतल्या. पुण्याच्या पावसाळ्यात रनर काळे पडले, वरचं निकेल पापुद्र्यासारखं सुटायला लागलं. दुकानदारांनी बॅगा परत पाठवल्या. मी काळे पडलेले रनर एका पिशवीत भरले, छ्याओथोउला गेले आणि कारखान्यात शिरल्या शिरल्या ती पिशवी टेबलावर ओतली. मालकीणबाई साधारण माझ्याच वयाच्या. शेजारी त्यांचे सासरे बसलेले, मागं आठ-दहा कामगार बायका झिपा मोजत होत्या. मी चढ्या आवाजात म्हणाले, “तुम्ही आम्हाला फसवलंत.” माझ्या दुभाषीनं ते वाक्य लगेच सांगितलं नाही. मी पुन्हा म्हणाले, तेव्हा तिनं खाली मान घालून सांगितलं. मोजणाऱ्या बायकांचे हात थांबले. मालकीणबाईंनी माझ्यासाठी चहा ओतला आणि म्हणाल्या, “यानच्यू यानच्यू.” म्हणजे, बघू, विचार करू.

हे शब्द ऐकले की समजावं, दार बंद झालं. ‘आत्ता सोयीचं नाही’ असं म्हणाले तरी तेच. चार महिने त्यांच्याकडून एक अक्षर आलं नाही.

‘मिएन्झ’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. शब्दशः अर्थ चेहरा, पण आपल्या भाषेत त्याला चारचौघांतली अब्रू म्हणायला हवं. मालकीणबाईंना माल खराब निघाल्याचं दुःख होतंच. पण सासऱ्यांसमोर, पगारावर ठेवलेल्या बायकांसमोर एका परक्या बाईनं आपल्याला लबाड म्हटलं, हे त्यांना पुसता येत नव्हतं. आता त्यांनी पैसे परत केले असते, तर लबाडी कबूल केल्यासारखं झालं असतं. मीच त्यांची वाट बंद केली होती.

मला वाट दाखवली एका निवृत्त मास्तरांनी. माझ्या दुभाषीला त्यांनी शाळेत शिकवलं होतं, आणि मालकीणबाईंच्या नवऱ्यालाही. दोन्हीकडे ज्यांचा शब्द चालतो अशा माणसाला तिकडे फार मोल आहे. मास्तर म्हणाले, आत्ता जाऊ नका. शरदातल्या पौर्णिमेचा सण येईल तेव्हा जा, कागद नेऊ नका, पैशांचं नाव काढू नका.

मी सणाच्या आदल्या दिवशी मूनकेकचा डबा घेऊन गेले. या खेपेला मला कारखान्यात न बसवता वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघरात नेलं. मालकीणबाई पपनस सोलत होत्या. जाड साल सुरीनं उभी चिरून, पाकळीवरचा पांढरा पापुद्रा नखांनी काढून एकेक फोड त्या माझ्या बशीत ठेवत होत्या. मुलांच्या शाळेबद्दल बोलणं झालं, माझ्या आईच्या गुडघ्यांबद्दल झालं. निघताना त्यांनी टेबलाचा खण उघडला. आत त्या काळ्या रनरांतला एक रनर होता. तो माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, “मुलामा देणारा बदलला.” एवढंच. तो रनर त्यांनी चार महिने खणात जपून ठेवला होता, हे मला आत्तापर्यंत विसरता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवं दरपत्रक आलं. सगळे भाव सहा टक्के कमी. हॉटेलवर बसून मी हिशेब केला तेव्हा लक्षात आलं की, तीन ऑर्डरींत आमचं नुकसान जवळजवळ भरून निघत होतं. नुकसानभरपाई हा शब्द त्यांनी उच्चारला नाही, मीही नाही. त्यानंतर दहा वर्षं आम्ही त्यांच्याकडून माल घेतला.

आता तुमचं. वीचॅटवर टाकलेला मजकूर दोन मिनिटांनंतर मागं घेता येत नाही, त्यामुळं फोटो तिथं राहणारच. पण त्याच गटात आता लिहा की, मेलमधली तुमची भाषा योग्य नव्हती आणि त्यांच्या तंत्रज्ञांच्या मदतीनं दोष शोधता येईल असा तुम्हाला विश्वास आहे. सगळ्यांसमोर गेलेलं थोडं तरी सगळ्यांसमोरच परत द्यायला हवं. माफी बोलण्याच्या रीतीबद्दल मागा. ९० बॉड्या खराब आहेत ही गोष्ट सोडू नका. मग मालकाला एकट्याला निरोप पाठवा, त्यात पैशांचा उल्लेख नको. दोघांना ओळखणारा कुणी असेल, माल पाठवणारा एजंट, आधी त्यांच्याकडून माल घेतलेला दुसरा भारतीय व्यापारी, त्याला मध्ये घाला. आणि मालकाला निसटायला एक दार उघडं ठेवा. ‘ओतकामाची कच्ची धातू बदलली असेल’ असं म्हणा. पुढच्या खेपेत ९० बॉड्या जास्तीच्या घालून देणं त्याला सोपं जाईल.

एक गोष्ट मात्र नातं कितीही जुळलं तरी सोडू नका. ३० टक्के आगाऊ आणि ७० टक्के माल निघण्याआधी, अशी रीत असते. ते ७० टक्के देण्याआधी आपला किंवा तिऱ्हाईत तपासणीस कारखान्यात जायलाच हवा. आम्ही २००९ नंतर प्रत्येक खेपेतल्या रनरांना मिठाच्या फवाऱ्याची, गंज धरतो का ते बघणारी चाचणी लावली आणि मालकीणबाईंना त्याचा राग आला नाही, कारण आम्ही ती तेव्हापासून सगळ्यांना सारखी लावली. करारावर कंपनीचं चिनी लिपीतलं नाव आणि लाल गोल शिक्का हवा. तिकडे नुसत्या सहीपेक्षा त्या शिक्क्याला वजन आहे. हे सगळं करूनही माणूस बधला नाही, तर तोच शिक्का तुम्हाला लवादात उपयोगी पडेल.

नाशिकहून एक तरुणी विचारते : कंपनी मला पहिल्यांदाच ग्वांगझोच्या कँटन फेअर या व्यापारी प्रदर्शनाला पाठवते आहे. तिथला एक पुरवठादार जेवायला नेणार आहे. मी शाकाहारी आहे आणि दारू घेत नाही. मॅनेजर म्हणतात, “एखादा घोट घे, नाहीतर त्यांना वाईट वाटेल.” काय करू?

घोट घेऊ नका. मॅनेजरांना सांगा, मी सांगितलं म्हणून.

यात खरी मेख अशी आहे की, पहिला पेला घेतला आणि दुसरा नाकारला तर समोरच्याला वाटतं, याच्याबरोबर घेतली आणि माझ्याबरोबर नाही! बायज्यू नावाची त्यांची दारू पन्नास टक्क्यांच्या आसपास कडक असते. म्हणून पहिला पेला ओतण्याआधीच सांगायचं. तिकडे ‘दारूऐवजी चहा’ असा रूढ वाक्प्रचारच आहे, ‘यी छा दाय ज्यू’. हे चार शब्द पाठ करून जा. चहाचा पेला घेऊन उठायचं, टेबलावरच्या वडीलधाऱ्यांपासून सुरुवात करून प्रत्येकाजवळ जायचं, दोन्ही हातांनी पेला धरायचा आणि भिडवताना आपला काठ त्यांच्या काठाखाली ठेवायचा. चीनमध्ये पंधरा वर्षांत मी दारूला शिवले नाही. माझ्यावर कुणी रागावलं नाही, कारण मी कधी खुर्चीत बसून राहिले नाही.

शाकाहाराचं आदल्या दिवशीच कळवा. टेबलावर पदार्थ आल्यावर सांगितलंत तर यजमानाला ओशाळं वाटतं, बारा पदार्थ फुकट गेल्यासारखे होतात. ‘मांस नको’ एवढं पुरत नाही, कारण भाजीत डुकराची चरबी किंवा मांसाचं पाणी असू शकतं. ‘बौद्ध देवळातल्यासारखं जेवण’ म्हणा. तो अर्थ सगळ्यांना नीट कळतो, आणि देवळांजवळ तशी उत्तम हॉटेलंही असतात. टोफूचे, कमळाच्या देठांचे, अळिंब्यांचे असे काही प्रकार तुम्हाला मिळतील की घरी येऊन सांगत राहाल.

बसायची घाई करू नका. दारासमोरची खुर्ची मानाची असते, तुम्हाला हाताला धरून बसवतील तिथं बसा. भातात काड्या उभ्या खोचू नका, मृतासाठी उदबत्त्या लावतात तशा त्या दिसतात. ग्वांगझोच्या बाजूला कुणी पेल्यात चहा ओतला की दोन बोटं टेबलावर हलकेच टेकवतात, तो त्यांचा ‘आभारी आहे’. जेवताना धंद्याची बोलणी काढू नका. तुमच्या गावाबद्दल विचारतील तेव्हा द्राक्षांबद्दल सांगा, गोदावरीबद्दल सांगा. ते तुम्हाला त्यासाठीच घेऊन आलेले असतात. तुम्ही काय बोलता, कुणाबद्दल कसं बोलता, नोकराशी कशा वागता, हे बघायला. बिलासाठी एकदा हात पुढं करा, पण त्यांना देऊ द्या. परतीचं जेवण तुमच्याकडून, हे निघतानाच ठरवून टाका.

आणि स्वतःची काळजी. हॉटेलमधली खोली कुणाला सांगू नका, दुभाषी बाईबरोबर निघा आणि जेवणानंतर गाण्याच्या (कराओकेच्या) खोलीत जायचं असेल तर नम्रपणे नाही म्हणा. तरुण मुलीवर पिण्याचा आग्रह धरणारे लोक तिथंही आहेत. अशा ठिकाणी मिळणारी ऑर्डर सोडून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोल्हापूरहून एक उद्योजक विचारतात : आम्ही भेट देण्यासाठी कंपनीचं नाव छापलेली ५० भिंतीवरची घड्याळं करून घेतली आहेत, आणि मालकांसाठी खास कोल्हापुरी चपला. चालेल ना?

दोन्ही नकोत. ‘घड्याळ देणं’ आणि ‘अंत्यविधीला जाणं’ यांचा चिनीत उच्चार एकच होतो. छत्रीचा शब्द फाटाफुटीसारखा लागतो. चपला-बुटांचंही तसंच, त्या शब्दाचा आवाज ‘अशुभ’ या शब्दासारखा. चांगल्या मनानं दिलेली कोल्हापुरी चप्पल त्यांनी कपाटात लपवून ठेवावी, असं होऊ नये. घड्याळं इथल्या डीलरांना द्या.

नेण्यासारखं पुष्कळ आहे. पैठणीच्या काठाचा स्टोल, कोकणातले काजू, चंदनाची छोटी मूर्ती. लाल किंवा सोनेरी कागदात बांधा, पांढऱ्या-काळ्यात नको. चार वस्तूंचा संच नको, कारण चार आणि मरण यांचे उच्चार जवळजवळ सारखे. समोरचा दोन-तीनदा ‘नको, नको’ म्हणेल, तरी द्यायची. तुमच्यासमोर तो उघडणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आणि सगळ्यांत मोठ्या माणसाला सगळ्यांत चांगली भेट. पन्नासजणांना एकच वस्तू वाटली की ती भेट राहत नाही.

नाव न छापण्याच्या अटीवर : एका चिनी कंपनीचा खरेदी अधिकारी म्हणतो, ऑर्डर हवी तर दोन टक्के त्याच्या बायकोच्या खात्यावर टाका. तो म्हणतो, “आमच्याकडे हीच गुआनशी.”

ही लाच आहे. टाकू नका. चीनमध्ये खासगी कंपनीच्या माणसाला दिलेली लाचही गुन्हा आहे. डिसेंबर २०१२ मध्ये शी जिनपिंग यांच्या काळातले, अधिकाऱ्यांच्या वागण्याबद्दलचे आठ नियम आले, तेव्हापासून सरकारी मेजवान्या आणि महागड्या भेटींना आळा बसला. २०१४ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या औषध कंपनीला डॉक्टरांना आणि इतरांना लाच दिल्याबद्दल तिथल्या न्यायालयानं तीन अब्ज युआनचा दंड केला. खऱ्या नात्यातलं देणंघेणं घरच्यांसमोर, जेवणाच्या टेबलावर होतं. बायकोच्या खात्यावर होत नाही. त्याच्या वरच्या माणसाशी ओळख काढता आली तर पाहा, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक शोधा.

सोलापूरहून एक निवृत्त शिक्षक विचारतात : नातू कामानिमित्त शिज्याझ्वांगला जातो आहे. आपल्या डॉ. कोटणीसांची आठवण तिथं अजून आहे का? त्यांचं नाव घेतलेलं चालेल का?

जरूर घ्यावं. १९३८ मध्ये, जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला, भारतातून पाच डॉक्टरांचं पथक गेलं. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे डॉ. चोळकरही. कोटणीस तिथंच राहिले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. चिनी लोक त्यांना ‘क दीहुआ’ म्हणतात. त्यांची समाधी शिज्याझ्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. माझ्या ओळखीच्या एका वयस्कर माल-एजंटला मी सांगलीची म्हटल्यावर काही कळलं नाही. सोलापूर जवळ आहे म्हटल्यावर त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला.

नातवाला म्हणावं, फुलं घेऊन समाधीवर जा, एकटा किंवा सहकाऱ्यांबरोबर. भाव कमी करून घ्यायला मात्र ते नाव वापरू नको. एका माणसानं स्वतःचा जीव देऊन जोडलेलं ते नातं आहे.

ठाण्याहून एक व्यापारी विचारतात : सात वर्षांपासूनच्या आमच्या पुरवठादाराचे वडील वारल्याचं काल वीचॅटवर कळलं. मला जाता येणार नाही. पैसे पाठवावेत का? आपल्याकडे १०१, ५०१ देतात तसे?

योगायोगानं तुम्ही अगदी नेमका आकडा लिहिलात. आपण १०१ शुभकार्याला देतो. तिकडे शुभकार्याला सम आकडा, जोडीचा, आणि लाल पाकीट. विषम आकडा दुःखात, पांढऱ्या पाकिटात, कारण दुःखाची जोडी होऊ नये. त्यामुळं तुमचे ५०१ युआन इथं बरोबर आहेत. पुढं त्याच्या मुलीच्या लग्नात मात्र हा आकडा चुकूनही लिहू नका. वीचॅटवरून लाल पाकीट पाठवू नका, ते लालच दिसतं. तिथल्या ओळखीच्या माणसाला सांगून पांढऱ्या पाकिटात, तुमचं नाव चिनी लिपीत लिहून, हातानं पोचवा. नाव त्यांच्या वहीत चढेल.

२०१६ मध्ये छ्याओथोउच्या मालकीणबाईंचे सासरे गेले, ज्यांच्यासमोर मी तेव्हा तसं बोलले होते. मी वेनझोतच होते, म्हणून जाता आलं. पाकीट दिलं, तसबिरीसमोर तीनदा वाकले. कुणाशी फारसं बोलणं झालं नाही. एप्रिल २०२१ मध्ये आपल्याकडे करोनाची दुसरी लाट आली. दोन्ही देशांत तेव्हा किती कटुता होती ते तुम्हाला माहीत आहे, आमचा व्यवहारही थांबून दीड वर्ष होत आलं होतं. एका पहाटे मालकीणबाईंचा निरोप आला, “घरात किती माणसं आहेत?” मी लिहिलं, पाच. तीन आठवड्यांनी खोकं आलं, त्यात पाच ऑक्सिमीटर होते आणि मास्कची पाकिटं, प्रत्येकावर एकेक चिठ्ठी चिकटवलेली, आईच्या पाकिटावर ‘गुडघे’ असं लिहिलेलं.

पाकीट पोचायला दोन-तीन दिवस लागतील. फोन मात्र आजच करा. त्यांचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं आहे, तेव्हा दुपारनंतर नको. ऑर्डरीचा विषय महिनाभर काढू नका.